मंदाताई साठे आणि पृथ्वीचं दुसरं टोक

मंदाताई साठेंची आणि माझी ओळख माझ्याच कचऱ्याच्या पिशवीनं करून दिली. मी तेव्हा पुण्याहून नुकतीच टोकियोला आले होते. एका बँकेच्या आयटीचं काम, आणि राहायला हिगाशी-कसाई. हा टोकियोच्या पूर्वेकडचा, आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी भरलेल्या इमारतींचा भाग. पत्ता ऐकूनच माझ्या आत्यानं फोनवर "शिव शिव!" म्हटलं होतं. तर एका सकाळी बेल वाजली. दार उघडलं, तर समोर एक ठेंगणीशी बाई. ट्रॅक पँटवर कुर्ता, कपाळाला टिकली, केसांचा करकचून अंबाडा, आणि हातात मी मघाशीच खाली ठेवून आलेली कचऱ्याची पिशवी.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या. "आज प्लास्टिकचा वार. हा जाळायचा कचरा. उद्या न्या खाली."

मी ओशाळले, पण पुणेरी रक्त गप्प बसतंय होय? म्हटलं, "माझंच कशावरून?"

"कढीपत्त्याच्या काड्या आहेत वर. चौथ्या मजल्यावर कढीपत्ता खाणारं नवीन कोण आलंय, ते मला ठाऊक आहे." एवढं बोलून त्या सरळ आत आल्या. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी मला बाटलीचं बूच वेगळं कसं काढायचं, वरचा कागद कसा सोलायचा, दुधाचा कागदी डबा कापून धुऊन कसा वाळवायचा, हे सगळं करून दाखवलं. मी कुरकुरले, "इतकं धुवायचं, तर टाकायचं कशाला?" त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तू टिकशील इथं." 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला त्यांना दुधाचा एक डबा पुरला. मी मात्र शेवटपर्यंत 'मंदाताई, तुम्ही'च म्हणत राहिले.

मंदाताई मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याच्या, शरदरावांच्या नोकरीपायी जपानात आल्या, तेव्हा मुलगा निखिल शाळेत जायचा. आता तो टोकियोबाहेर त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत आहे, तिकडेच घर, बायको आणि मीरा नावाची छोटी मुलगी. मंदाताई राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बरोब्बर खाली. त्यांच्या फोडणीचा वास माझ्या बाल्कनीत यायचा, आणि कसली फोडणी आहे ते मी ओळखू लागले तेव्हा मला कळलं, की आता आपलं इथं रुळलं.

जपानी भाषा त्या कुठल्या वर्गाला जाऊन शिकल्या नव्हत्या. विचारून विचारून शिकल्या होत्या. "विचारलं की कळतं" हे त्यांचं पालुपद. दुकानात, बसमध्ये, वॉर्डाच्या कचेरीत, कुठेही त्या बेधडक विचारायच्या, आणि उत्तर कळलं नाही तर परत विचारायच्या. त्यांच्या जपानीला सांगलीचा असा झणझणीत हेल होता, की पहिल्यांदा ऐकताना मला त्या दुकानदाराशी भांडताहेत असंच वाटलं. प्रत्यक्षात त्या त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत होत्या.

दुसरं पालुपद, "त्यात काय एवढं?" स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात तळणाच्या विभागात त्या बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायच्या. मंदाताई पक्क्या शाकाहारी. घरात अंडंसुद्धा नाही. आणि काम काय, तर डुकराच्या मांसाचे कटलेट तळणं! मला ते कळलं तेव्हा मी डोळे विस्फारले. म्हणाल्या, "मी तळते गं, खात नाही. त्यात काय एवढं? रंग बघून काढायचं असतं, चव कोणाला हवीय?" तिथल्या मुली म्हणायच्या, साते-सानचा कटलेट कधी करपत नाही. 'ठ' त्यांना जमायचा नाही, आणि मंदाताईंनी कधी दुरुस्तही केला नाही.

शरदराव गेले ते अचानक. त्यांच्याबद्दल मंदाताई फारसं बोलत नसत, आणि मीही इथं बोलणार नाही. सगळं उरकल्यावर निखिलनं आईला त्सुकुबाला नेलं. घर ऐसपैस, मुलगा-सून प्रेमळ, नात तर जीव. मंदाताई महिनाभर राहिल्या आणि एका सकाळी कपड्यांची बॅग घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही झालं. तेच तर!" बूट काढता काढता त्या म्हणाल्या. "तिथं कोपऱ्यावर जायचं तरी गाडी लागते. मला चालवता येत नाही. मग कोणीतरी नेणार, कोणीतरी आणणार, मी आपली मागच्या सीटवर. पार्सल झालं होतं माझं, प्राची. प्रेमानं सांभाळलेलं, पण पार्सल."

निखिलला ते पटलं नाही, आणि त्याला नावं ठेवायला मी तरी धजत नाही. वडील असे अचानक गेलेले. आईनं एकटीनं राहायचं म्हणजे त्याला धास्ती वाटणारच. बरं, जपानात नुसतं "मी राहते" म्हणून भागत नाही. दर दोन वर्षांनी भाडेकरार नवा करायचा, आणि एकट्या, परदेशी, साठीकडे झुकलेल्या बाईला जामीनदार असल्याशिवाय घर देणार कोण? जामीनदार निखिल. करारावर त्याचा हांको, म्हणजे त्याच्या नावाचा शिक्का, उमटला तर घर मंदाताईंचं. नाही उमटला तर त्सुकुबाची मागची सीट. इतकं साधं होतं ते. नवा करार वसंतात व्हायचा होता आणि निखिल नुसतंच "बघू" म्हणत होता.

नेमका त्याच थंडीत मीराच्या पृथ्वीच्या गोळ्यानं घोळ घातला. शाळेतून काहीतरी शिकून आलेली ती पोर आजीला विचारायला लागली, जपानच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या बाजूला काय आहे? विचारलं अर्थातच जपानीत. मराठी तिला कळतं, पण उत्तर जपानीतच येतं. आजी-नातीनं दोन्हीकडून बोटं लावून बघितलं. दुसरं बोट पडलं दक्षिण अमेरिकेजवळच्या समुद्रात. त्या बोटाच्या जवळपास, उरुग्वे नावाच्या देशात, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या सुळक्यावर एक गाव होतं. त्याचं लांबलचक नाव मंदाताईंनी कधीच पूर्ण घेतलं नाही. 'पुंता' एवढंच म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावून चहा देत म्हणाल्या, "मी पुंताला जाऊन येणार."

"एकट्या? अहो, इतकं लांब?"

"म्हणून तर! त्याच्याहून लांब पृथ्वीवर काही नाहीच. त्याच्या पुढं पाऊल टाकलं की परत घर जवळ यायला लागतं. तिथपर्यंत एकटी जाऊन आले, तर इथून स्टेशनपर्यंत एकटीनं जायला कोण अडवणार मला?"

निखिल हादरलाच. मोठं भांडण झालं, माझ्या देखतच. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे आई. जा. पण एक अट. तिथं काहीही झालं, आजारपण, चोरी, हरवाहरवी, काहीही, तर मी शिक्का देणार नाही. तू घर सोडायचं आणि आमच्याकडे यायचं."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर देईन."

"मान्य," मंदाताई म्हणाल्या. त्यांनी शब्द दिला म्हणजे दिला. निखिलला ते माहीत होतं, म्हणूनच त्यानं मागितला.

तयारी बघण्यासारखी होती. मुलांची असते तसली मोठी पाठपिशवी त्यांनी आणली, आत तांदळाच्या थैल्या भरल्या, आणि रोज कामावरून आल्यावर ती पाठीला लावून इमारतीचे जिने चढउतार करायला लागल्या. लिफ्टमधून निघालेले जपानी आजोबा त्यांना वाकून "गानबात्ते," म्हणजे "लढा," म्हणायचे. व्हिसाच्या खटपटी त्यांनी स्वतः केल्या. सलवारीला आतून एक चोरखिसा शिवला, पासपोर्टसाठी. थालीपिठाची भाजणी भाजली. आणि निघाल्या. विमानतळावर निखिल सूचना देत होता, मीरा हात हलवत होती, आणि खांद्याला एक छोटी पिशवी अडकवलेल्या एवढ्याशा मंदाताई त्या पाठपिशवीखाली जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या.

पुंता आणि टोकियो यांच्यात अर्ध्या दिवसाचं अंतर. त्यामुळे घड्याळाचे काटे तेच, फक्त माझी सकाळ ती त्यांची संध्याकाळ. रोज मी ऑफिसला निघाले की त्यांचा फोन. पण तोपर्यंत मी तोझाई मेट्रोच्या गर्दीत अडकलेली असायचे, आणि जपानात गाडीत फोनवर बोलणं म्हणजे महापाप. मग मी कानात फोनचं यंत्र घालून, लोकांच्या कोटांमध्ये चेपून, नुसतं ऐकायचं आणि मंदाताईंनी एकटीनं बोलायचं. मला हसू आवरायचं नाही. शेजारचे लोक माझ्यापासून जमेल तेवढं दूर सरकायचे.

"अगं, हे तर बड्या लोकांचं गाव निघालं! पांढरे बंगले, खासगी होड्या, कडेवर कुत्री घेतलेल्या बायका. आणि मी वरच्या बाकावर! हो, बाकच. एकावर एक पलंग असलेली धर्मशाळा आहे ही, सगळी पोरंपोरी. मला म्हणाले, आजी, खालचा घ्या. म्हटलं, वरचा द्या, जिने चढून आलेय मी. तू हसू नकोस, मला माहितीय तू हसतीयस."

एका सकाळी त्यांनी किनाऱ्यावरच्या बाईचा किस्सा सांगितला. मोठी छत्री, मोठा गॉगल, बोटांत खडे. मंदाताई सलवार-कमीज घालून, पाठपिशवी लावून समोरून चाललेल्या. तिथं किनाऱ्यावर पिशव्या घेऊन वस्तू विकणारे फिरत असतात, त्यामुळे बाईला वाटलं हीसुद्धा विकणारी. तिनं बोटानं बोलावलं आणि पिशवीकडे हात करून "दाखव" अशी खूण केली.

"मग?" मी गाडीत आहे हे विसरून पुटपुटले. समोरच्या गृहस्थानं डोळे उघडले.

"मग काय, म्हटलं, बाई, विकायला काही नाही, बसायला आलेय. आणि तिच्या छत्रीत बसले. दाखव म्हणाली, तर थालीपीठ दाखवलं. अर्धं खाल्लं की तिनं! तिच्या त्या कडू पानांच्या काढ्याची नळी मला दिली. एकच नळी, सगळे त्यातूनच ओढतात. उष्टं! सांगलीला आईला कळलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं तिनं."

त्या सकाळी ऑफिसच्या पायऱ्या चढताना माझी मान उगाचच ताठ झाली होती. जसं काही ते थालीपीठ मीच भाजलं होतं.

आणि मग फोन थांबले.

पहिल्या दिवशी वाटलं, झोप लागली असेल. दुसऱ्या दिवशी मी चार वेळा करून बघितला, बंद. दुपारी निखिलचा फोन आला. त्याला धर्मशाळेच्या पत्त्यावरून दोन ओळींचा ईमेल आला होता: 'फोन नाही. मी बरी आहे. ठरल्या दिवशी येते. आई.'

"फोन नाही म्हणजे काय, प्राची?" तो जवळजवळ ओरडला. "तुटला? हरवला? चोरला? तुला काही बोलली?"

"नाही रे. मलाही फोन नाही."

"मी उलट लिहिलं, तिकीट बदलतो, उद्याच निघ. उत्तर काय आलं माहितीय? 'नको.' एका शब्दाचं! मी म्हणालोच होतो. अगदी हेच म्हणालो होतो. आता शिक्का विसरा. तूही तिची बाजू घेऊ नकोस."

मी घेतली नाही. घेणार तरी कशी? उरलेले दिवस मी गाडीत कानात यंत्र घालून नुसती उभी राहत होते, काहीही वाजत नसताना.

ठरल्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. मंदाताई बाहेर आल्या त्या उन्हानं काळ्याठिक्कर होऊन, नाकाची सालं निघालेली, पाठीवर तीच पाठपिशवी. मीरा धावत जाऊन बिलगली. निखिलनं आईला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "खांद्याची पिशवी कुठाय?"

"घरी चल. चहा घेऊ, मग सांगते," मंदाताई म्हणाल्या.

घरी गेलो. त्यांनी हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला, चहा टाकला. निखिल खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी उठून जायला लागले तर मंदाताई म्हणाल्या, "बस. साक्षीदार हवा."

मग त्यांनी सांगितलं. समुद्रासमोर एक उंची कॉफीचं दुकान. गर्दी. खिडकीजवळ एक टेबल मोकळं दिसलं. मंदाताईंनी त्यावर आपली खांद्याची पिशवी ठेवली आणि कॉफी सांगायला काउंटरला गेल्या.

"आई!" निखिल उठूनच उभा राहिला. "पिशवी ठेवून? तिथं?"

"इथं ठेवतो तशीच की!" मंदाताई म्हणाल्या. "वीस वर्षं टेबलावर पिशवी ठेवून रांगेत उभी राहतेय मी. जागा धरायची म्हणजे पिशवी ठेवायची. हाताला वळणच ते. कॉफी घेऊन वळले, तर टेबल होतं, पिशवी नव्हती. फोन त्यात, चष्मा त्यात, कार्ड त्यात. पासपोर्ट तेवढा चोरखिशात."

मीरानं डोळे मोठे करून जपानीत विचारलं, "आजी, मग कोबानला गेलीस ना?" कोबान म्हणजे इथल्या चौकाचौकातली पोलीस चौकी, जिथं हरवलेली छत्रीसुद्धा परत मिळते. त्या पोरीला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

"गेले की! आणि दुसऱ्या दिवशी परत गेले, आली का म्हणून विचारायला. तो पोलीस आधी हसला. रोज जायला लागले तसा उठून खुर्ची द्यायला लागला."

"चोरीला गेलेली पिशवी आली का, म्हणून रोज विचारायला जात होतीस?" निखिलनं कपाळाला हात लावला.

"विचारलं की कळतं. रोज कळायचं, नाही आली."

मला फस्सकन हसू आलं, ते मी चहाच्या कपात दाबलं. निखिल हसला नाही. मंदाताईही नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

"हे बघ, आपलं ठरलं होतं, काही झालं तर मी घर सोडायचं. झालं. चूक माझी, मी कोणावर ढकलत नाही. शिक्का नको देऊस. मी शब्द फिरवणारी नाही. पण पुढचंही ऐकून घे, नाहीतर तुझ्याकडे राहायला येईन ती पिशवी हरवलेली बाईच येईल, आणि तिच्याशी माझं पटणार नाही."

खरं सांगते, मला त्या क्षणी रडू कोसळायच्या बेतात होतं. ही बाई खोटं बोलू शकली असती. फोन पाण्यात पडला म्हणाली असती, विषय मिटला असता, घर तिचं झालं असतं. तिच्या जागी मी असते, तर शंभर टक्के तेच म्हणाले असते. तिच्या मनालाही ते शिवलं नव्हतं.

पुढचं असं होतं. फोन नाही म्हणजे नकाशा नाही, भाषांतर नाही, कोणाचा नंबर नाही. चष्मा नाही म्हणजे पाट्या दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी स्पॅनिशमध्ये. धर्मशाळेतल्या मुलीनं आपल्या फोनवरून जपानच्या बँकेला फोन लावून दिला. त्यांच्याकडे रात्र, इकडे बँक नुकती उघडलेली. मंदाताईंनी पृथ्वीच्या त्या टोकावरून खणखणीत सांगली जपानीत कार्ड बंद करायला सांगितलं. बँकेतल्या मुलीनं शेवटी विचारलं म्हणे, "आपण एकट्या आहात का? काळजी घ्या." चोरखिशात पासपोर्टाबरोबर थोड्या नोटाही होत्या, पलंगाचं भाडं आधीच भरलेलं होतं, भाजणी शिल्लक होती. भागलं.

"पण बोलत कशी होतीस लोकांशी?" निखिलनं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"मराठीत."

"काय?"

"अरे, इंग्रजी बोलले, त्यांना कळेना. जपानी तर नाहीच नाही. म्हटलं, त्यांना कळायचं नाहीच, तर मी परक्या भाषेत कशाला दमू? सरळ मराठीत विचारायला लागले. 'दादा, बस कुठं थांबते?' ते त्यांच्या भाषेत सांगायचे, हातानं दाखवायचे. काही अडलं नाही. पोलिसाशी तर आमच्या तासतास गप्पा व्हायच्या. त्याच्या सासूचं काहीतरी दुखणं आहे."

आता निखिलच्याही ओठाचा कोपरा हलला. पण लगेच त्यानं विचारलं, "मला फोन का नाही केलास? त्या मुलीच्या फोनवरून? माझा नंबर तुला पाठ आहे. ईमेल काय लिहिलास, दोन ओळी!"

मीरा मंदाताईंच्या मांडीवर येऊन बसली होती, तिच्या केसांतून त्या हात फिरवत राहिल्या.

"तुझा आवाज ऐकला असता, तर परत आले असते रे," त्या म्हणाल्या. "तू ये म्हणाला असतास आणि मी आले असते. मग जन्मभर कोणीतरी ये म्हटलं की यायचं, जा म्हटलं की जायचं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. वरच्या बाकावर तोंडावर पांघरूण घेऊन रडले. खूप रडले. तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा इतकं रडले नव्हते. सगळं साठलेलंच बाहेर आलं असेल."

"मग?"

"मग भूक लागली."

निखिल परत खुर्चीवर बसला.

"भूक लागली, म्हणून खाली उतरले. स्वयंपाकघर कुठं, तवा कुठं, विचारलं. थालीपीठ लावलं, खाल्लं. आणि सकाळी समुद्रावर गेले. त्या गावाला दोन्हीकडून समुद्र. एका बाजूला खवळलेला, तिथं सूर्य उगवतो. दुसऱ्या बाजूला शांत, तिथं मावळतो. उरलेले सगळे दिवस मी सकाळी इकडं आणि संध्याकाळी तिकडं चालत जायचे. फोन नव्हता, म्हणून फोटो नाहीत. चष्मा नव्हता, म्हणून लांबचं सगळं धूसर. पण पाण्यात गेले, गळ्यापर्यंत. सलवार-कमीज घालून. ती गॉगलवाली बाई हात धरायला आली, तिला म्हटलं, सोड, मी उभी आहे."

मंदाताईंनी 'उभी आहे' म्हटलं ते काही फार मोठ्यानं म्हटलं नाही. पण निखिल उठला, बाल्कनीत गेला, आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. खाली मुलं सायकली चालवत होती, त्यांचा आवाज येत होता. मी कप गोळा केले, म्हणजे करायला काहीतरी. घर जाणार हे मंदाताईंनी मनाशी धरलं होतं, दिसतच होतं. एकेका वस्तूवरून नजर फिरवत होत्या, देवघर, शेगडी, खिडकीतली तुळस. एवढ्या लांबून आल्या आणि आता पुन्हा बांधाबांध, असं माझ्या मनात आलं आणि निखिलचा मला मनस्वी राग आला.

तो आत आला. "आई, कराराचा कागद कुठाय?"

"कशाला?"

"दे ना."

"अरे, पण आपलं ठरलं होतं—"

"हो. ठरलं होतं आणि तू हरलीस. पिशवी गेली, फोन गेला, सगळं गेलं. अटच चुकीची होती. मी घातली ती. काही झालं तर, म्हणालो मी. काही झाल्यावर तू काय करशील, हे विचारायला पाहिजे होतं."

मंदाताईंनी फडताळातून कागद काढून दिला. निखिलनं आपल्या बॅगेतून शिक्का काढला, लाल शाईच्या डबीत दाबला, आणि कागदावर नीट, सरळ उमटवला. शिक्का देणार नाही म्हणून आठवडाभर बजावणारा माणूस तो त्सुकुबाहून बरोबर कशाला घेऊन आला होता, हे मी विचारलं नाही. मंदाताईंनी तर विचारायलाच हवं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही. पदर नव्हता, म्हणून कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जेवून जा सगळे. पिठलं टाकते."

मी नंतर काही महिन्यांनी पुण्याला परत आले. आता बाणेरला राहते, कचरा अजून बूच काढूनच टाकते, आणि सोसायटीतले लोक मला वेडी समजतात. मंदाताई मेसेज करतात, कधी असल्याच दुसऱ्या लांबच्या मुलखातून. त्यांची माझी काही नात्याची गाठ नाही, शेजारीण फक्त. पण कुठे चारचौघांत परदेशातल्या आपल्या माणसांच्या मोठमोठ्या पदांच्या गोष्टी निघाल्या, की मी मंदाताईंचीच सांगते, आणि जरा मान वर करूनच सांगते.

माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या मात्र शिक्क्यानंतरच्या रविवारच्या. मी भाजी आणायला निघाले होते. तिसऱ्या मजल्यावर जिन्यातून ठोकाठोक ऐकू आली, म्हणून वळले. मंदाताई दाराबाहेर स्टुलावर चढलेल्या, तोंडात खिळा, हातात हातोडी. खाली निखिल स्टूल धरून, "आई, पडशील गं, मी लावतो ना," असं पुटपुटत होता. इतकी वर्षं दारावर शरदरावांच्या नावाची पाटी होती. ती काढून, पुसून त्यांनी आत देवापाशी नेऊन ठेवली होती. दारावर नवी पाटी चढत होती. वर जपानी अक्षरांत आणि खाली आपल्या अक्षरांत, पूर्ण नाव: मंदाकिनी साठे.

"प्राची, लांबून बघ गं, सरळ आहे का?"

मी लिफ्टपर्यंत मागे गेले आणि बघितलं. "डावीकडं किंचित उतरलीय."

त्यांनी मान तिरकी केली, पाटीवरून एकदा हात फिरवला, आणि शेवटचा खिळा ठोकला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता मी हलवणार नाही."